लाटेचा पत्ता उघड करावा का?

ओलीवाळू:
परवा एका गटात कुणीतरी एका निवांत सर्फिंग स्पॉटचं लोकेशन टाकलं. भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, गाडी कुठे लावायची, सगळं साग्रसंगीत. माझं स्पष्ट मत आहे की असं करू नये. एका सेटमध्ये, म्हणजे लागोपाठ येणाऱ्या लाटांच्या झुंडीत, चार-पाच चांगल्या लाटा येतात, मग समुद्र बराच वेळ गप्प. पाण्यात सहाजण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला काही येतं. चाळीसजण आले की नुसती ढकलाढकली. लाट जिथे आधी फुटते त्याच्या सर्वात जवळ जो असेल, लाट त्याची, हा साधा नियमसुद्धा गर्दीत कुणी पाळत नाही. मागच्या मोसमात असाच एकजण माझ्या पुढ्यात घुसला. त्याच्या बोर्डाचं फिन, म्हणजे खालचं धारदार पातं, पोटरीत शिरलं, सात टाके पडले.

उलटवारा:
टाके पडले ते वाईटच झालं, पण निष्कर्ष पटत नाही. समुद्र कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. फिजीतल्या क्लाउडब्रेक या लाटेवर वर्षानुवर्षं रिसॉर्टची मक्तेदारी होती, पाहुण्यांनाच तिथे प्रवेश. २०१० मध्ये सरकारने हुकूम काढून ती लाट सर्वांना खुली केली. कॅलिफोर्नियातल्या लुनाडा बेवर बाहेरच्यांना दमदाटी होते अशा तक्रारी कित्येक वर्षं होत्या, २०१६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. 'आमची लाट' म्हणायला सुरुवात झाली की गाडी तिथेच जाऊन थांबते. आणि लपवणार कुठवर? नामिबियाच्या वाळवंटाकाठची स्केलेटन बेची लाट २००८ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून जगापुढे आली. घरबसल्या!

ओलीवाळू:
दमदाटीचं समर्थन मी केलेलंच नाही. कुणी किनाऱ्यावर येऊन विचारलं तर मी सगळं सांगतो, बोर्डाला मेण लावून देतो. पण तो माणूस चार सकाळी आमच्यासोबत बसतो, ओहोटीला कुठला खडक उघडा पडतो ते डोळ्यांनी बघतो. नुसता पत्ता वाचून येणाऱ्याला यातलं काय कळणार?

तळचाखडक:
माहीत नसलेल्या लाटेसाठी भांडायला कुणी उभं राहत नाही, हेही बघा. स्पेनमधल्या मुंडाकाला नदीच्या मुखाशी गाळ उपसला, लाट जिच्यावर फुटते ती पाण्याखालची वाळूची रास बिघडली आणि २००५ च्या सुमारास ती नामांकित लाट काही काळ नाहीशीच झाली. केवढा गाजावाजा झाला! तीच एखादी गुपित लाट असती तर? धक्का बांधून मोकळे झाले असते, बातमीसुद्धा आली नसती.

ओलीवाळू:
ताहितीच्या तेआहुपोची लाट तर जगप्रसिद्ध. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी परीक्षकांचा मनोरा उभारताना डिसेंबर २०२३ मध्ये बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू नौकेने, तिथलं प्रवाळ मोडलं. प्रसिद्धीपायीच ना?

तळचाखडक:
मोडलं, खरं आहे. पण ओरड झाली म्हणूनच त्याआधी मनोऱ्याचा आराखडा लहान करावा लागला होता. ओरडायला माणसं होती.

पहिलीलाट:
मी नवशिकी आहे, तरी बोलते. तिसऱ्याच दिवशी मी जिथे पाणी सपाट दिसलं तिथून आत शिरले. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये गढूळ, शांत पट्टा. मला तो सोपा वाटला. तो रिप करंट होता, किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढून नेणारा प्रवाह. मागे वळले तर किनारा लांब. बोर्डावर बसलेल्या एका काकांनी हात आडवा करून दाखवला, 'सरळ नको, बाजूला जा!' हातपाय थरथरत होते, पण किनाऱ्याला समांतर वल्हवत फेसापर्यंत पोचले. पत्ता लपवा हवं तर, पण करंट कुठे असतो हे लपवून कसं चालेल?

ओलीवाळू:
हे मान्य. करंट, खडक, भरतीचा हिशेब यावर मी उद्याच सविस्तर लिहितो, फोटोंसकट. लोकेशन मात्र टाकणार नाही.

उलटवारा:
तुम्ही खडक दाखवा, पत्ता मी टाकतो. दोन्ही एकाच ठिकाणी वाचायला मिळालं तर तुमच्या पोटरीसारखी दुसरी पोटरी फाटणार नाही.