इटर्बियम-१७६ नव्व्याण्णव टक्के शुद्ध, तरी ल्युटेशियम-१७७ ची स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी निम्मीच का?

प्रश्न (टार्गेट१७६): कर्करोगावरच्या औषधांत लागणारं किरणोत्सर्गी ल्युटेशियम-१७७ बनवायला अणुभट्टीत टार्गेट ठेवतो; त्यात १०० मिग्रॅ इटर्बियम, ऑक्साइड रूपात. १७६ चं प्रमाण ९९ टक्के, उरलेलं बहुतेक १७४. न्यूट्रॉन फ्लक्स १० चा १४ वा घात (दर सेकंदाला, दर चौरस सेंटीमीटरला), ७ दिवस. ॲक्टिव्हिटी हिशेबाप्रमाणे ५० गिगाबेकरेलच्या आसपास मिळते. पण स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी, म्हणजे एकूण ल्युटेशियमच्या दर मिलिग्रॅममागची ॲक्टिव्हिटी, ४.०७ टेराबेकरेलच्या जवळ हवी, ती निम्म्यावर अडकते. टार्गेटच्या प्रमाणपत्रात साधं ल्युटेशियम १०० पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग) आहे. एवढ्याशाने इतका फरक पडतो?

किरणरसायन: पडतो, कारण तयार होणारा मालच एवढासा असतो. ५० गिगाबेकरेल म्हणजे ल्युटेशियम-१७७ चे जेमतेम १२ मायक्रोग्रॅम. आणि १०० मिग्रॅत १०० पीपीएम म्हणजे १० मायक्रोग्रॅम साधं ल्युटेशियम आधीच बसलेलं! निम्मं तिथेच गेलं.

बाकीचा वाटा १७४ चा. एकच टक्का असलं तरी न्यूट्रॉन पकडण्यात ते १७६ च्या वीसेक पट पुढे आहे: साठेक बार्न (न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेचं माप), तर १७६ चे तीनेक. त्याचं इटर्बियम-१७५ होतं आणि ४.१८ दिवसांच्या अर्धायुष्याने स्थिर ल्युटेशियम-१७५ बनतं. सात दिवसांत याचे दीडेक मायक्रोग्रॅम साठतात, आणि दोन्ही एकच मूलद्रव्य असल्याने रासायनिक कॉलम ते ल्युटेशियम-१७७ पासून वेगळं करूच शकत नाही. म्हणून टार्गेट घेताना १७६ चा आकडा नंतर बघा, १७४ आणि ल्युटेशियम आधी.

स्तंभ: १०० पीपीएमचं काम मात्र आपल्या हातात आहे. अणुभट्टीत पाठवण्याआधीच टार्गेट विरघळवून एलएन-२ रेझिनच्या (अशी मूलद्रव्यं वेगळी करणाऱ्या भरणाच्या) कॉलममधून काढा. इटर्बियम आधी उतरतं, ल्युटेशियम मागे राहतं. इटर्बियमचा शेवटचा भाग मोह न धरता बाजूला काढा. मग ऑक्झलेट पाडून भाजलं की पुन्हा ऑक्साइड.

टार्गेट१७६: आणि बाहेर काढल्यावर थांबायचं किती?

स्तंभ: १७६ ने न्यूट्रॉन पकडला की आधी इटर्बियम-१७७ बनतं आणि त्याचं ल्युटेशियम-१७७ होतं. इटर्बियम-१७७ चं अर्धायुष्य १.९ तास, त्यामुळे बारा तासांत ते जवळपास संपतं. त्यातून मिळणारी भर दोनेक टक्क्यांचीच. त्यापुढे थांबणं निव्वळ तोट्याचं: ल्युटेशियम-१७७ घटत जातं आणि इटर्बियम-१७५ मुळे साधं ल्युटेशियम वाढत राहतं.

मग ल्युटेशियम वेगळं काढताना कॉलम ५० अंश सेल्सिअसवर ठेवा, थंड कॉलमवर शिखरं पसरतात. १.४ मोलरच्या आसपासच्या नायट्रिक आम्लाने इटर्बियम उतरवा, ४ मोलरने ल्युटेशियम. वेगळं होण्याचा गुणक दोनाच्याही खाली आहे आणि ल्युटेशियमच्या एका भागाला आठ हजार भाग इटर्बियम, त्यामुळे एका फेरीत भागत नाही. शेवटी हाती आलेल्या ल्युटेशियमचा गॅमा स्पेक्ट्रम घ्या: २०८ केईव्हीचं शिखर ल्युटेशियम-१७७ चं, ३९६ चं इटर्बियम-१७५ चं. ३९६ ला उंचवटा दिसला तर आणखी एक फेरी कराच. डोटा (औषधाच्या रेणूला जोडलेला, धातू पकडून ठेवणारा भाग) इटर्बियमलाही तितक्याच घट्ट धरतं, मग ॲक्टिव्हिटी मोजणाऱ्या मापकावर आकडा बरोबर येतो आणि लेबलिंग, म्हणजे औषधाला ल्युटेशियम जोडणं, फसतं.