फराळाच्या ऑर्डरी, भाव आणि उधारी

ताई, तुम्ही लिहिलंय की चकलीचा भाव सांगताना जीभ रेटत नाही आणि नातेवाईक तर पैशाचं नावच काढत नाहीत, अहो घरोघरी हेच आहे. आधी सगळा हिशोब कागदावर मांडा. भाजणीचं सामान, दळण, तेल, गॅस, डबे हे सगळ्याजणी धरतात, पण मोडलेल्या चकल्या आणि शेवटी टाकून द्यावं लागणारं तळणीचं तेल कोण धरणार? आणि स्वतःची मजुरी तर हमखास राहते, "मी काय घरीच असते" म्हणून. सोऱ्या फिरवून खांदा भरून येतो ना, मग त्याचे पैसे लावा की, मदतीला बाई ठेवली असती तर तिला दिलेच असते! नातेवाईकांना ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे जीपे करायला सांगायचं, पहिल्यांदा जड जातं, मग त्यांनाही सवय होते.

एफएसएसएआय, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं बेसिक रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, सरकारी फी वर्षाला 100 रुपये, एजंटच्या नादी लागू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर फुकट आहे. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या शिशू, म्हणजे सगळ्यात छोट्या गटात 50,000 पर्यंत बिनतारण कर्ज मिळतं खरं, पण पहिल्याच दिवाळीला कर्ज काढून मोठं मशीन घ्यायच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत. लिज्जत पापडचं कामही 1959 ला गिरगावात सात जणींनी फक्त 80 रुपये उसने घेऊन, असं लहानच सुरू केलं होतं. आणि बँकेत खातं वेगळं काढा, दुधाचं बिल नि बेसनाचं बिल एकाच खात्यातून गेलं की नफा झाला का तोटा, काही पत्ता लागत नाही.