आर्केडची (गेम पार्लरच्या मशीनची) ड्रॅगन बॉल हीरोज कार्डं घरच्या निन्टेन्डो स्विचवर चालतात का?

निशिकासाई_रिटर्न

नमस्कार मंडळी, मी स्वतः गेम खेळत नाही त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आम्ही २०१९ ते २०२४ तोक्योला निशी-कासाईत होतो, आता कायमचे पुण्यात आलोय. तिकडे शनिवारी भाजी-किराणा आणायला गेलं की वरच्या मजल्यावर सुपर ड्रॅगन बॉल हीरोजचं (ड्रॅगन बॉल ह्या जपानी कार्टूनवरचं) मशीन असायचं, १०० येन टाकले की एक कार्ड बाहेर पडायचं आणि मग ती कार्डं टेबलावर मांडून पुढे-मागे सरकवत खेळायचं. मुलगा चार वर्षांचा असल्यापासून हे चालू, आधी बाबाच्या मांडीवर बसून आणि मग एकटा स्टुलावर उभा राहून. तर असं करत करत ३०० च्या वर कार्डं जमलीत. सगळी फाइलीत लावलेली, चमकणारी वेगळी, डबल आलेली रबर लावून डब्यात.

आता त्याच्या वाढदिवसाला आजोबा स्विच (निन्टेन्डोचा घरचा गेम कन्सोल) घेऊन देतायत. स्विचवर सुपर ड्रॅगन बॉल हीरोज वर्ल्ड मिशन नावाचा गेम आहे असं कळलं. आणि झालंय काय, की सोसायटीतल्या एका मित्राकडे अॅनिमल क्रॉसिंगची छोटी कार्डं आहेत, ती कंट्रोलरला टेकवली की ते पात्र गेममध्ये येतं, हे ह्याने डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की आपली कार्डं पण अशीच टेकवायची आणि आपला गोकू टीव्हीवर येणार. रोज रात्री कुठली टीम आधी लावायची ते ठरवून झोपतो. दुकानात विचारलं तर एक जण हो म्हणाला, एक जण माहीत नाही म्हणाला. मी त्याला काय सांगू? आधीच खरं कळलेलं बरं, वाढदिवसाच्या दिवशी रडारड नको.

जॉयकॉन_जयू

ताई, नाही चालत. मी हा गेम आल्यापासून खेळतोय, म्हणून खात्रीने सांगतो. दुकानदाराच्या हो वर जाऊ नका.

वर्ल्ड मिशन जपानमध्ये ४ एप्रिल २०१९ ला आला आणि बाहेर दुसऱ्या दिवशी. त्यात हजारावर कार्डं आहेत पण ती सगळी गेमच्या आतली, पडद्यावरची. गेममध्येच तिकिटं मिळतात, ती वापरली की कार्डं निघतात. खेळ बाकी मशीनसारखाच, स्विच हातात धरून खेळलं तर बोटाने कार्डं पुढे-मागे सरकवता पण येतात, ते मुलाला लगेच जमेल. फक्त हातातलं खरं कार्ड आत घ्यायची सोयच गेममध्ये दिलेली नाही.

मित्राची कार्डं का चालतात तर ती निन्टेन्डोची अमीबो कार्डं आहेत. कागदाच्या आत पातळ एनएफसी चिप (टेकवली की वाचता येते अशी) असते आणि उजव्या जॉयकॉनच्या, म्हणजे स्विचच्या सुट्या कंट्रोलरच्या, दांडीपाशी ती वाचणारा भाग असतो, म्हणून तिथे टेकवायचं. तुमच्या कार्डांत चिप नाही. आर्केडमध्ये टेबलाच्या काचेखालून मशीन कार्डाच्या मागची छपाई वाचायचं, त्यामुळेच कार्ड कुठे ठेवलंय आणि कुठे सरकवलंय ते त्याला कळायचं. घरी करून बघा, एनएफसी असलेला अँड्रॉइड फोन घ्या, ते चालू करा, मित्राचं कार्ड पाठीला लावा, फोन काहीतरी दाद देईल. मग तुमचं लावा, ढिम्म. मुलाला हे स्वतःच्या हाताने करू द्या, आपण तोंडाने दहा वेळा नाही म्हणण्यापेक्षा त्याला ते पटेल.

अजून एक, हे नक्की वाचा. गेम २०१९ चा आहे आणि तुमची बरीचशी कार्डं त्यानंतरची असणार. म्हणजे त्याच्या फाइलीतली बरीच कार्डं गेममध्ये पडद्यावरसुद्धा सापडणार नाहीत. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो आत शोधत बसेल.

ठाणे_वेस्ट

पण जॉयकॉनला खाली तो इन्फ्रारेड कॅमेरा असतो ना? मागची छपाई वाचायचीच असेल तर त्याने का नाही वाचता येणार?

जॉयकॉन_जयू

कॅमेरा आहे, उजव्या जॉयकॉनला, बरोबर. पण नुसता कॅमेरा असून काय होतं, गेमने तो वापरायला हवा ना, त्यातल्या चित्राला अमुक कार्ड म्हणून ओळखायला हवं, आणि वर्ल्ड मिशनमध्ये तसं काही केलेलंच नाही. आणि स्विच लाइटला (स्विचचा छोटा प्रकार) तर तो कॅमेरा पण नाही, एनएफसी तेवढं आहे. ताई, घेताना हे बघून घ्या, मित्राची अमीबो कार्डं लाइटवर चालतील, पण त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि टीव्हीला जोडता येत नाही.

पावसाळी_ढग

तुमच्या लेकाचं वाचून मला माझं लहानपण आठवलं, म्हणून थोडं मोठं लिहितेय. आर्केडचं खरं कार्ड घरी चालतं असे गेम होऊन गेलेत आणि त्यातला एक मी रोज खेळलेय!

सेगाचं लव्ह अँड बेरी म्हणून मशीन होतं जपानमध्ये, २००४ चं. कार्डावर ड्रेस, केस, बूट असं काही ना काही असायचं आणि कडेला बारकोड. मशीनला फट होती, त्यातून कार्ड खर्रकन ओढायचं की पडद्यावरच्या मुलीच्या अंगावर तो ड्रेस यायचा आणि मग गाण्यावर नाचवायचं. माझी मावशी तेव्हा ओसाकाला होती, आम्ही सुट्टीत तिच्याकडे दीड महिना राहिलो होतो आणि मी परत येताना बिस्किटाचा डबा भरून कार्डं आणली होती. इथे त्यांचा उपयोग शून्य, नुसती मांडून बसायचे. मग २००६ च्या नोव्हेंबरात तोच गेम निन्टेन्डो डीएसवर (हातात धरून खेळायचा कन्सोल) आला आणि खोक्यातच छोटा कार्ड रीडर होता, मावशीने पुढच्या दिवाळीला तो पाठवला. डीएसला खालच्या बाजूला जुन्या गेमबॉय अॅडव्हान्सच्या कॅसेटची खाच होती, रीडर त्यात बसायचा. मी पहिलं कार्ड ओढलं, एक पिवळा फ्रॉक होता, आणि तो डोंबिवलीच्या आमच्या घरात त्या मुलीच्या अंगावर आला, तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून हाताला धरून ओढत आणलं होतं!

एक मात्र वाईट झालं. माझ्या आवडीची जी चार-पाच कार्डं होती तीच हाताळून हाताळून कडेला झिजली होती, बारकोडच्या रेघा पांढऱ्या पडलेल्या, ती काही केल्या वाचली जाईनात. हळू ओढा, जोरात ओढा, फुंकर मारा, सगळं झालं. न वापरलेली नवी कोरी कार्डं पटकन लागायची आणि जिवापाड जपलेली नाही. म्हणून सांगते, फाइलीतली आवडीची कार्डं सारखी बाहेर काढू देऊ नका.

मुशीकिंग (किड्यांच्या झुंजीचं, २००३ चं) आणि डायनासोर किंग ही सेगाचीच मशीनं, ती पण जपानमध्ये डीएसवर कार्ड रीडरसकट आली. डायनासोर किंग बाहेरच्या देशात आला तेव्हा रीडर काढून टाकला, म्हणजे गेम तोच पण कार्डं गेली. आणि हे सगळं फक्त जुन्या डीएसवर आणि डीएस लाइटवर बरं का, त्यानंतरच्या डीएसआयपासून ती खाचच काढली, त्यामुळे रीडर लावणार कुठे.

जॉयकॉन_जयू

भारी माहिती. ह्याच रांगेतलं पोकेमॉन ट्रेट्टा पण आहे, त्यात कार्डाऐवजी प्लॅस्टिकच्या चकत्या, २०१३ ला थ्रीडीएससाठी (डीएसनंतरचा कन्सोल) ट्रेट्टा लॅब आलं त्यासोबत चकती वाचायचं यंत्र होतं. पण थ्रीडीएसला प्रदेशाचं कुलूप आहे, जपानी गेम जपानी थ्रीडीएसवरच. कुणी जुन्या बाजारात बघून घ्यायला गेलं तर हे लक्षात ठेवा, लव्ह अँड बेरी कुठल्याही देशाच्या जुन्या डीएसवर किंवा डीएस लाइटवर चालेल, ट्रेट्टा लॅब नाही. पोकेमॉनच्याच मेझास्टार मशीनच्या चकत्यांबद्दल सिंगापूरहून कोणी ना कोणी विचारतंच, त्या पण स्विचवरच्या पोकेमॉन गेममध्ये चालत नाहीत.

म्हणजे सगळं रीडरवर येऊन थांबतं. कार्डावर काय छापलंय ते वाचणारं यंत्र घरासाठी कंपनीने काढलं तर चालतं. हीरोजसाठी स्विचला काढलं नाही.

गिरगावकर_७४

मी ह्या सगळ्यांहून म्हातारा, पण सगळ्यात सरळ चाललेलं कार्ड आमच्या काळातलं. निओ जिओ, एसएनके ह्या जपानी कंपनीचं, १९९०. पार्लरमधलं मशीन आणि घरचा कन्सोल, दोन्हीला एकच मेमरी कार्ड लागायचं, दोन किलोबाइटचं. पार्लरमध्ये अर्धा गेम खेळा, कार्डात साठवा, घरी जाऊन तिथूनच पुढे. कारण घरचं यंत्र आणि पार्लरचं यंत्र आतून जवळजवळ सारखंच होतं. आमच्या गिरगावातल्या पार्लरमध्ये मेटल स्लग आणि किंग ऑफ फायटर्सवर आम्ही किती एक-एक रुपये घातले त्याला हिशोब नाही, पण लाकडी खोक्यातलं मशीन, त्याला कार्डाची खाच नव्हती, आणि घरचा निओ जिओ कोणाच्या बापाला परवडत होता. हे कार्ड मी चाळिशीनंतर एका जमवाजमव करणाऱ्या मित्राकडे पहिल्यांदा हातात धरलं. मशीनमध्ये घातलं, साठवलं, काढलं, त्याच्या घरच्या कन्सोलला लावलं, आणि माझा गेम तिथे होता. मी थोडा वेळ काही बोललोच नाही.

उलट्या दिशेने पण झालंय. जपानमध्ये १९९९ च्या सुमाराला डान्स डान्स रेव्होल्यूशनच्या एका मशीनला प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड घालायची जागा होती, घरचं कार्ड खिशात घालून आर्केडला जायचं.

ठाणे_वेस्ट

आपल्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये जे कार्ड रिचार्ज करून घासतात ते काय मग? माझी भाची तेच घेऊन विचारत होती घरी चालेल का.

जॉयकॉन_जयू

त्यात फक्त पैशांचा हिशोब असतो, गेमचं काही नाही. जपानमध्ये खेळाडूचं खातं ओळखणारी आयसी कार्डं वेगळी असतात, सेगाचं आयमी, बंदाई नामकोचं बानापासपोर्ट, कोनामीचं ई-अॅम्यूजमेंट, आणि २०१८ पासून एकाच खुणेची कार्डं एकमेकांच्या मशीनवर चालायला लागली. पण त्यातसुद्धा कार्ड म्हणजे किल्ली, तुमची प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर. घरच्या कन्सोलला ते टेकवून काही उघडत नाही.

निशिकासाई_रिटर्न

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी फोनवाला प्रयोग केला. मित्राचं कार्ड लावलं तर फोन थरथरला, मग ह्याने स्वतःचं लावलं, उलटं लावलं, दुसरं लावलं, सोनेरी वाला व्हेजिटा पण लावला. आठ-दहा कार्डं झाल्यावर स्वतःच म्हणाला, आई ह्यात काही नाहीये आत. थोडा वेळ रुसून बसला, जेवला पण नाही नीट, पण रात्री विचारलंन की मग मशीनला कसं कळायचं, तर मी जयूंनी लिहिलेलं काचेखालचं सांगितलं आणि तो कार्ड उलटं करून दिव्याखाली धरून किती तरी वेळ मागची छपाई बघत होता.

गेम घेतोय आम्ही, त्यालाच विचारून. २०१९ च्या पुढची कार्डं सापडणार नाहीत हे पण सांगितलंय, तर आता वहीत दोन याद्या करतोय, जुनी कुठली आणि नवीन कुठली. पावसाळी_ढग, तुमचं वाचून आवडीची कार्डं दुहेरी कव्हरात घातली. एकच विचारायचं राहिलं, पुण्यात आल्यापासून पावसात चमकणारी कार्डं जरा वाकायला लागलीत, ह्याला काय करू?

पावसाळी_ढग

नवीन बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात ना, त्या टाका डब्यात, पण कार्डांना चिकटून नको. फाइल भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका, आणि आडवी ठेवून वर दोन जाड पुस्तकं ठेवा. माझी डोंबिवलीच्या पावसाळ्यात अशीच टिकली, तो पिवळा फ्रॉक अजून आहे माझ्याकडे.