देशव्यापी स्वयंसेवी संस्थेत जिल्हा शाखांना अधिकार किती असावेत?

प्रश्न (लातूर) : रक्तदान शिबिरे घेणारा आमचा गट लातूर, धाराशिव आणि बीड येथे काम करतो, आता इतर राज्यांतील गटही जोडले जात असल्याने एकच संस्था नोंदवायची आहे. कार्यकारिणी कोणी निवडावी आणि शाखांनी कोणते निर्णय घ्यावेत?

उत्तर (नांदेड) : १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. तो राहून गेला की कागदोपत्री जुनेच पदाधिकारी राहतात आणि बँकेत सही कोणाची यावरून चांगली माणसे एकमेकांपासून दुरावतात.

उत्तर (परभणी) : कार्यकारिणी सर्वसाधारण सभेनेच निवडावी. शिबिर कुठे व केव्हा घ्यायचे हे शाखेने ठरवावे, कारण गावाची नड तिलाच कळते. परंतु देणगीची पावती, बँक खाते आणि लेखापरीक्षण संस्थेच्या नावेच असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता (लातूर) : आभारी आहे. घटनेच्या मसुद्यात प्रत्येक शाखेचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीत घेण्याचे कलम आम्ही घालत आहोत.