‘चूक पुन्हा होणार नाही’ : यातला कर्ता कोण?

चकवा : 6 ऑगस्टला शाळेत लावायचं भित्तिपत्रक करतोय आणि एका वाक्यावर अडकलोय. हिरोशिमाच्या शांतता उद्यानात कमानीखाली जी शिळा आहे, तिच्यावरचा मजकूर मराठीत हवाय. इंग्रजीवरून मी लिहिलं, ‘शांतपणे झोपा, आम्ही ही चूक पुन्हा करणार नाही.’ शेजारच्या वर्गाच्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “आम्ही म्हणजे कोण? बॉम्ब तुम्ही टाकलात?” तेव्हापासून पेन तिथेच थांबलंय.

पेठेतली मावशी : बाईंचं नवल नको. राधाबिनोद पाल यांनी नेमकं हेच विचारलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे आपले न्यायाधीश. 1952च्या नोव्हेंबरात ते हिरोशिमाला गेले. स्मारक त्याच वर्षी 6 ऑगस्टला उघडलेलं. ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्यांनी चूक कबूल का करायची, असा त्यांचा रोख.
गंमत अशी की मूळ जपानीत कर्ता नाहीच. ‘आयामाचि वा कुरिकाएशिमासेनु कारा.’ चूक, पुन्हा न करणे, म्हणून. बस. ओळ लिहिणारे साइका तादायोशी हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक, स्वतः बॉम्बमधून वाचलेले. त्यांच्या मते कर्ता म्हणजे सगळी माणसं. पण इंग्रजीत कर्ता घालावाच लागतो.

कोरडवाहू : मग ‘आपण’ घाला की! इंग्रजीला आम्ही आणि आपण यांतला फरक माहीत नाही, आपल्याला आहे. सगळी मानवजात म्हणजे आपण.

पेठेतली मावशी : अहो, पण वाक्य मेलेल्यांना उद्देशून आहे. ‘झोपा, आपण ही चूक पुन्हा करणार नाही’ म्हटलं तर त्यांनाच आदरार्थी दटावल्यासारखं होतं. आणि समावेशक धरलं तर चुकीत तेही भागीदार.

चकवा : म्हणून ‘ही चूक पुन्हा होणार नाही’ केलं. कर्त्याचा प्रश्नच मिटला.

जुना_हेडमास्तर : मिटला कसला! तीस वर्षं हे वाक्य माफीपत्रांत वाचलंय. ‘माझ्याकडून अशी चूक पुन्हा होणार नाही, आपला आज्ञाधारक.’ कर्ता लपवायची मराठीतली सगळ्यात जुनी युक्ती आहे ती. शिवाय एवढ्या संहाराला चूक? चूक शुद्धलेखनात होते. ‘अपराध’ लिहा.

पेठेतली मावशी : आयामाचि म्हणजे चूकच, सर. इंग्रजीत साइकांनी स्वतः जरा जड शब्द घेतला, ते वेगळं.

अणुरेणू : भित्तिपत्रकात ‘परमाणू बॉम्ब’ असेल तर आधी ते खोडा. तो हिंदीवाला. मराठीत अणू आणि रेणू. रोज बातम्यांत ऐकून कान किटले.

कोरडवाहू : परमाणू काय हिंदीच्या बापाचा आहे? कणादापासून चालत आलाय.

अणुरेणू : कणादाला अणुबॉम्ब माहीत नव्हता.

सांजवात : मला वेगळंच खटकतं. शिळेखालच्या पेटीत नावांच्या वह्या आहेत, दर 6 ऑगस्टला नवी नावं घालतात. आता 3 लाख 40 हजारांच्या वर. त्यांना सरसकट ‘बळी’ म्हणायचं? 1945 साली पोळलेलं एखादं पोर नव्वदीत घरी, अंथरुणात गेलं तरी त्याचं नाव त्या वहीत चढतं. आमच्या गावात बळी म्हणजे बोकड, नाहीतर दिवाळीतला बळीराजा. हे तिसरे कुठून आले?

जुना_हेडमास्तर : ‘ग्रस्त’ आहे ना. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त. तसे अणुबॉम्बग्रस्त.

सांजवात : ग्रस्त म्हटलं की मला तहसील कचेरीतली रांग दिसते. त्यापेक्षा बॉम्ब सोसलेल्यांसाठीचा जपानी शब्द ‘हिबाकुशा’च ठेवावा. त्सुनामी चालते की.

चकवा : तो शब्द दुसऱ्या चौकटीत आहे. माझी ओळ राहिली बाजूला. ‘झोपा’ही बरं वाटत नाही, मुलांना दुपारी असंच सांगतो. ‘विसावा घ्या’ कसं?

पेठेतली मावशी : छान आहे. जपानीत ‘नेमुत्ते’ म्हणजे झोपाच, पण मराठीत विसावा जास्त मऊ. विश्राम, त्यावरून विसावा.

सांजवात : मऊ? आमच्याकडे स्मशानाच्या वाटेवर विसावा असतो. तिथे तिरडी टेकवायची, खांदेकरी बदलायचे आणि पुन्हा उचलायची. माझ्या आजोबांच्या वेळी मी दगडाशी उभा होतो, नऊ वर्षांचा. मला तर विसावा म्हटलं की अजून पोचायचं बाकी आहे असंच वाटतं.

जुना_हेडमास्तर : मग तर तोच शब्द हवा. वह्या अजून भरतायत.

कोरडवाहू : तिरडी? आमच्याकडे ताटी म्हणतात.

अणुरेणू : ताटी म्हणजे दाराची. ज्ञानेश्वरांनी लावून घेतली होती ती.

कोरडवाहू : तीही ताटी, हीही ताटी. बांबूचीच ना दोन्ही?

चकवा : मंडळी, उद्या छापायला द्यायचंय हो.