कोडिंग घरबसल्या शिकायचंय, अगदी शून्यापासून. सुरुवात कुठून करू?

माणदेशी_३१
नमस्कार मंडळी. मी बीकॉम, गावात दूध संकलन केंद्रावर हिशेबाचं काम बघतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) बघून दर लावायचा आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढायची. एक्सेल बऱ्यापैकी येतं, व्हीलुकअपपर्यंत (एका तक्त्यातून जुळणारी माहिती शोधून आणायचं सूत्र). प्रोग्रामिंग शिकायची मनापासून इच्छा आहे पण क्लाससाठी रोज तालुक्याला जाणं जमणार नाही, दुपारी काय तो मोकळा वेळ मिळतो. यूट्यूबवर एक म्हणतो आधी सी, दुसरा म्हणतो पायथन, तिसरा जावास्क्रिप्ट. आणि व्हिडिओ चालू असताना सगळं कळतं हो, पण बंद करून स्वतः लिहायला बसलं की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. इंग्रजी वाचता येतं, सावकाश. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. जमेल का?

कृष्णाकाठ
जमेल की भावा, आणि तुझ्याकडे तर पहिला प्रोग्राम तयारच आहे, दुधाचं बिल. पायथन घे, फुकट आहे, सोबत आयडल नावाचा एडिटर येतो तो ४ जीबीवर आरामात चालतो. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच स्क्रीनवर खाली पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथं शोधतं ती यादी) ॲड करायचा चौकोन असतो, त्याला टिक कर, ते राहिलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथन टाइप केल्यावर बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं आणि नवा माणूस तिथंच वैतागतो.

मग एकाच शेतकऱ्याचं दूध घे. सकाळचे लिटर विचारायचे, संध्याकाळचे विचारायचे, बेरीज करून दराने गुणायचं, बस. इथं एक ठेच नक्की लागणार ती आधीच सांगतो, इनपुटने घेतलेलं काहीही पायथन आकडा धरत नाही, अक्षरं धरतो, त्यामुळे १२ आणि १० ची बेरीज २२ न येता १२१० येते. फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्याच्या प्रकारात, घातलं की आकडा होतो. पुढे फॅट ३.५ च्या खाली गेली तर दर कापायचा, हे इफ एल्स, म्हणजे असं असेल तर हे नाहीतर ते. दहा दिवस म्हटलं की तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फॉर लूप आला. शेवटी एक्सेलची शीट सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळी केलेली साधी मजकूर फाइल) करून तीच पायथनने वाचायची. व्हिडिओ फक्त अडल्यावर बघ.

जुना_डिप्लोमावाला
माझं मत वेगळं आहे. सी आधी शिकावी. १९७२ च्या सुमाराची भाषा असली तरी मेमरी कशी वापरली जाते, इंट (पूर्णांकाचा प्रकार) म्हणजे नेमकं काय, हे सगळं तिच्यात हाताने करावं लागतं म्हणून पाया पक्का होतो. पायथनमध्ये ते झाकलेलं राहतं.

रेवा_पुणे
दादा, कॉलेजात चार वर्षं हाताशी असतील तर तुमचं बरोबर आहे. पण ज्याला दुपारचा मोकळा वेळ तेवढाच आहे त्याला पॉइंटरमध्ये (सीमधले मेमरीचे पत्ते) अडकवलं तर तो महिनाभरात सोडून देईल, असे मी बरेच बघितलेत. आधी स्वतःचं काहीतरी चालताना दिसू दे, सी नंतरही शिकता येते.

माणदेशी, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, मराठी माध्यमातून आलेय, म्हणून हे कळकळीने सांगते. लाल अक्षरात एरर आली की घाबरून सगळं पुसू नका. वाचायला खालून सुरुवात करा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर ओळ नंबर. लिटरच्या जागी कोणी "१२ लि" टाइप केलं तर व्हॅल्यूएरर येणार, नाव चुकलं तर नेमएरर, डावीकडची जागा पुढेमागे झाली तर इंडेंटेशनएरर. सुरुवातीला बहुतेक वेळा या तिघीच भेटतात. आणि नुसतं मराठी आकड्यात १२ टाइप केलं तरी पायथन ३ त्याचा आकडा बरोबर करतो, करून बघा.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, फुकट, त्यातले बरेच मराठी आवाजात आहेत. एआयला विचारायला हरकत नाही पण "प्रोग्राम लिहून दे" असं नको, "ही एरर का आली ते समजावून सांग" असं विचारा. लिहून घेतलेल्या कोडने बिल निघेल, पण पुढच्या महिन्यात दर बदलला की परत तुम्ही तिथंच.

कृष्णाकाठ
एक राहिलं. लिटरला फ्लोट चालतो, पैशाला नको. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ येतं. रक्कम पैशात ठेव, पूर्णांकात, किंवा पायथनचा डेसिमल हा अचूक दशांशाचा प्रकार वापर. उत्पादकाचं बिल आहे, एक रुपया इकडचा तिकडे झाला तरी माणूस केंद्रावर येऊन विचारणार.

माणदेशी_३१
खूप आभार सगळ्यांचे. दुपारी बसलो, खरंच १२१० आले, मग फ्लोट घातल्यावर २२.० आले, काय आनंद झाला सांगू! आता अडलंय ते असं की आमचा दर फॅट आणि एसएनएफ दोन्हीवर ठरतो, मोठा चार्ट आहे. त्याला इफ एल्स लिहीत बसलो तर शेकडो ओळी होतील.

रेवा_पुणे
त्याला डिक्शनरी. किल्ली म्हणून फॅट आणि एसएनएफची जोडी, समोर दर. फक्त ३.५ आणि ८.५ तसेच ठेवू नका, दहाने गुणून राउंड करा म्हणजे ३५ आणि ८५ होतील, नाहीतर फ्लोटच्या बारीक फरकाने कधीतरी किल्ली सापडणारच नाही. चार्ट एक्सेलमध्ये असेल तर हाताने भरू नका, सीएसव्हीतून लूपने भरा. अडलात तर एररची शेवटची ओळ आणि त्या ओळीचा कोड दोन्ही इथं टाका.