पावसाची सुट्टी दिली ना, मग लिंक कशाला पाठवता?

घोडबंदरची आई:
परवा ठाण्यात रेड अलर्ट. रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज, उद्या शाळेला सुट्टी. बरं झालं म्हटलं, २६ जुलै २००५ ला कॉलेजातून कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलेली आहे मी, सुट्टीबद्दल काही म्हणणंच नाही. पण सकाळी ७:५० ला दुसरा मेसेज, ८:३० पासून ऑनलाइन क्लास, कॅमेरा ऑन पाहिजे आणि युनिफॉर्मचा शर्ट घालून बसवा. मुलगा तिसरीत. माझा ९ ला क्लायंट कॉल. नवऱ्याच्या ऑफिसला रेड अलर्ट लागू होत नाही, तो कधीच गेलेला.

फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून दिला पोराला. ४१ मुलं, हजेरीतच १२ मिनिटं गेली, मिस ऐकू येत नाहीये, मिस मी दिसतोय का, ज्यांच्याकडे कुकर लागलाय त्यांनी म्यूट करा (कुकर आमचाच होता). मग वजाबाकी सुरू झाली आणि माझ्या कॉलमध्ये मी बोलत असताना मागून, "आई, हातचा घ्यायला शेजारी शून्यच आहे, आता कोणाकडून घेऊ?" क्लायंट पुण्याचाच, तो हसला, मॅनेजर नाही हसला. वर होमवर्क काय, तर पाच वेगवेगळ्या झाडांची पानं वहीत चिकटवा. रेड अलर्टमध्ये!

माझं म्हणणं एवढंच की चौथीपर्यंतच्या मुलांना ऑनलाइन क्लास म्हणजे शाळा नव्हेच, शेजारी एक मोकळं माणूस बसलेलं आहे असं गृहीत धरून घेतलेली हजेरी आहे ती. आणि ते मोकळं माणूस म्हणजे आईच, हे पण गृहीतच. सुट्टी तर सुट्टी द्या ना.

खडू-फळा:
मी खाजगी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, १४ वर्षं झाली. ताई, क्लास घ्यायचाय हे मलाच ७:३० ला कळलं. तुम्हाला वाटतं आम्हाला हौस आहे? जुलैत चार दिवस पावसात गेले की ऑगस्टच्या मीटिंगला पालकच विचारतात, पोर्शन कधी संपवणार, फी कशाची घेता. आरटीईप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस नि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस नि १००० तास भरायचे असतात, त्यात इलेक्शन ड्युटी, स्नेहसंमेलन, स्पोर्ट्स डे सगळं बसवायचं. शर्टाचं म्हणाल तर तो नियम माझाच आहे, शर्ट नसला की निम्मी पोरं पांघरुणातून हजेरी देतात.

आणि मी तुमच्या मुलांना वजाबाकी शिकवत होते तेव्हा माझी पहिलीतली मुलगी आतल्या खोलीत एकटीच तिच्या शाळेच्या क्लासला बसलेली. संपल्यावर जाऊन बघते तर फोन चार्जिंगला नि ही बाई खिडकीत.

भोसरीवाला:
तुमच्याकडे निदान फोन तरी घरी होता. २०२० मध्ये आमच्याकडे एकच स्मार्टफोन, कंपनी सुरू झाली, माझी फर्स्ट शिफ्ट, फोन माझ्याबरोबर गेला की पोरीची शाळा पण माझ्याबरोबर भोसरीला. शॉप फ्लोअरवर फोन चालत नाही, लॉकरमध्ये पडून राहायची शाळा. घरी आलो की ६०-७० मेसेज, त्यातून होमवर्क शोधायचा म्हणजे तांदळातले खडे. पोरगी दुसरीत, रात्री ९ ला जांभया देत लिहायची, पानाचे फोटो मी काढायचो, मॅडमचं उत्तर यायचं फोटो ब्लर आहे.

तेव्हा केंद्राच्या प्रज्ञाता नावाच्या गाइडलाइन आलेल्या, जुलै २०२०. पहिली ते आठवी दिवसाला दोनपेक्षा जास्त सेशन नकोत, एक सेशन ३० ते ४५ मिनिटं, बालवाडीला फक्त अर्धा तास. आमच्याकडे कोणी पाळलं नाही, रोज चार तास. त्या काळात उपयोग झाला तो सह्याद्रीवरच्या टिलीमिलीचा, ना नेट ना लिंक, वेळ झाली की आजी टीव्ही लावून द्यायची नि पोरगी बसायची. मग आता पण लाइव्हचा हट्ट कशाला, दहा मिनिटांचा व्हिडिओ टाका, आम्ही रात्री बघू.

गिरणगाव१९६१:
आमचे वडील गिरणीत तिन्ही पाळ्या करायचे. मी कितवीत आहे हे त्यांना रिझल्टच्या दिवशी कळायचं. कोणी शेजारी बसलं नाही म्हणून आम्ही काय अडाणी राहिलो? तुम्हीच पोरांना सवय लावलीत. नाही केला होमवर्क तर खाऊ दे की ओरडा.

घोडबंदरची आई:
काका, तुमच्या शाळेत होमवर्कला थर्माकोलचा शनिवारवाडा मागत नव्हते हो. आणि ओरडा आता पोराला नाही पडत, ग्रुपवर आईचं नाव येतं, "पुढील पालकांनी अजून सबमिट केलेलं नाही."

(थर्माकोलचं तर काय बोलू, २०१८ पासून राज्यात बंदी आहे म्हणतात, तरी प्लास्टिकमुक्त पृथ्वीचं मॉडेल थर्माकोलवरच.)

नाइट_ड्युटी:
मी सिस्टर आहे, सरकारी नाही, प्रायव्हेटला. सगळे सुट्टी द्या सुट्टी द्या म्हणताय, मला एक सांगा, सुट्टीच्या दिवशी पोरांना बघणार कोण? पाऊस झाला की पाळणाघरवाल्या काकू पण बंद ठेवतात. मी सकाळी नाइट संपवून येते, नवरा रिक्षा काढतो. क्लास असला की मुलगा पावणेदोन तास एका जागी बसतो, कानात हेडफोन, मी त्याच्या मागेच गादीवर आडवी होते. तो शिकतो का नाही माहीत नाही, खरं सांगते. पण क्लास नसेल तर तेच दोन तास तो यूट्यूबवर असणार नि मी जागी. माझ्यासाठी तरी लिंक चालू ठेवा.

घोडबंदरची आई:
याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग त्याला दोन तासांचं पाळणाघरच म्हणा ना, हजेरी नि होमवर्क कशाला?

नाइट_ड्युटी:
म्हणा की काय म्हणायचं ते. फुकट आहे.

बॅगेचं_ओझं:
होमवर्कवरून आठवलं, २०२० चं स्कूल बॅग पॉलिसीचं धोरण आहे केंद्राचं, त्यात दुसरीपर्यंत होमवर्कच नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नाही, आठवड्याला! आमच्या बाईंना दाखवलं तर म्हणाल्या ते गव्हर्मेंट स्कूलसाठी असेल.

खडू-फळा:
असं म्हणायला नको होतं त्यांनी. पण माझी पण ऐका, गेल्या वर्षी मी शुक्रवारी होमवर्क बंद केला, सोमवारी तीन आया गेटवर, मॅडम शनिवार-रविवार पोरगा नुसता खेळतोय, काहीतरी द्या. पानांचा होमवर्क मात्र चुकलाच असेल, तो प्लॅन जूनमध्येच बनतो नि तारखेप्रमाणे आपोआप जातो. कोणी खिडकीबाहेर बघत नाही. आणि वरच्या ताई, एक विचारते, राग मानू नका. ग्रुपवर फक्त तुम्हीच का? आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एकूण तीन बाबा आहेत, त्यातला एक चुकून ॲड झालाय.

भोसरीवाला:
तो मी असेन.

घोडबंदरची आई:
राग कशाचा, खरंच आहे. नवऱ्याला ॲड केलं होतं, त्याने ग्रुप म्यूट केला, एक आठवड्यासाठी की कायमचा काय तो पर्याय असतो ना, तो दुसरा.

आत्ताच मेसेज आलाय, उद्या पण सुट्टी. लिंक सकाळी येईल म्हणे. त्याला सांगितलंय, उद्या तू घरी थांब.

नाइट_ड्युटी:
मग, काय म्हणाले?

घोडबंदरची आई:
बघू म्हणाला.